पाणी मारलं, लेखी दिलं

धायरी, पुणे
२८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. अपेक्षास,
धायरीहून मामाजींचे आशीर्वाद.

तू गेलीस त्याला आज पाच दिवस झाले. रोज संध्याकाळी योगेश हिंजवडीहून आला की फोन लावतो आणि तुझा चेहरा माझ्यासमोर धरतो. तू बोलतेस, मी हात हलवतो. तू हसतेस, मी परत हात हलवतो. एकतीस वर्षं काँक्रीटच्या मिक्सरशेजारी उभं राहून माझे कान साइटवरच राहिले हे तुला माहीतच आहे. म्हणून ठरवलं, सुनेशी पत्रानं बोलायचं. पोस्टात गेलो तर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "आजोबा, राखी पाठवायचीय का?" म्हटलं, राखी होऊन महिना झाला, हे पत्र आहे, आत कागद आहे. त्यांनी पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

तुझ्या सासूचा राग अजून उतरलेला नाही. "पुण्यात काय सिमिट भेटत नोहतं का? काहून इतक्या दूर गेली?" हे ती भांड्यांना विचारते. मला विचारत नाही, कारण तुला जा म्हणणारा मी होतो. नातेवाईकही विचारतात. नवरा हिंजवडीत, सून हिमालयात, हा कसला संसार म्हणे. मी सांगतो, सहा महिन्यांत नोकरीत कायम होईल, मग बघू. तू तिथे टिकलीस की माझा शब्द टिकला. एवढं लक्षात ठेव, पण त्याचं ओझं घेऊ नकोस.

वरच्या मजल्यावरचे पेंडसे मास्तर परवा म्हणाले, "तुमची सून तुम्हाला मामाजी म्हणते, म्हणजे तुम्ही तिचे मामा का?" मी म्हटलं, आमच्या वाशीमकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, मी उगाच विचारात होतो." मास्तर सदाशिव पेठेतून इथे राहायला आले, पण पेठ बरोबर घेऊन आले.

आता कामाचं. तू इंजिनियर, मी बिगाऱ्याचा मुकादम झालेला माणूस. पण एक गोष्ट तुझ्या पुस्तकापेक्षा मला जास्त कळते. काँक्रीट ओतणं हे लग्न लावण्यासारखं आहे, खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं. पाणी मारायचं. सात दिवस गोणपाट ओलं राहिलं पाहिजे, जमलं तर चौदा. साहेब, ठेकेदार, मजूर, सगळे कंटाळतात. तू कंटाळू नकोस.

तुझा
मामाजी


साइट कॅम्प, केलांगच्या पुढे
लाहौल, हिमाचल प्रदेश
८ ऑक्टोबर २०२४

ती. मामाजींना,
अपेक्षाचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र काल कंपनीच्या गाडीतून आलं. कॅम्पमधल्या सगळ्यांनी पाकीट पाहिलं. इथे कोणाला हाताने लिहिलेलं पत्र येत नाही, त्यामुळे मी एकदम मोठी झाले.

आता इथलं सांगते. मी धरून तीन बायका आहोत, एक स्वयंपाकघरात, एक हिशेबाला आणि मी प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा म्हणजे एक पत्र्याची खोली, पण ती माझी आहे, दारावर माझं नाव लावलंय. मी दोन स्वेटर आणि त्यावर कंपनीचं जाकीट घालते, तरी सकाळी पेन चालत नाही. शाई गोठते. खिशात ठेवून गरम करावं लागतं. आईंनी दिलेली ठेचा-चटणीची बाटली पहिल्याच आठवड्यात संपली. अर्धी मी खाल्ली, अर्धी रणजित सरांनी. ते आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, इथलेच, मंडीचे. मिरची खाऊन डोळ्यांत पाणी आलं तरी अजून मागतात.

काम म्हणजे नदीवरचा पूल. पलीकडे एक गाव आहे, चाळीस-पंचेचाळीस घरांचं. ते लोक तारेवरच्या लोखंडी पाळण्यात बसून नदी ओलांडतात. म्हातारी माणसं, दुधाचे कॅन, शाळेची पोरं, सगळं त्या पाळण्यातून. दोन खांब उभे झाले की पूल होईल. पहिल्या खांबाचा वरचा टप्पा २७ तारखेला ओतायचा आहे आणि त्याची सगळी तपासणी माझ्याकडे आहे. मामाजी, आमच्या बॅचमध्ये चौसष्ट मुलं होती. त्यातल्या कोणाकडेही अख्खा पूल नाही.

इथे काँक्रीटचं पाणी आधी गरम करतात. ओतून झाल्यावर त्यावर जाड रजया घालतात, ताडपत्रीत बांधून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. तुम्हीही हसाल.

आईंना सांगा, मी जेवते आहे.

तुमची
अपेक्षा


धायरी
१८ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. अपेक्षास,
आशीर्वाद, आणि तुझ्या सासूचा, द्वारकेचाही, तिनं तोंडानं दिला नाही तरी.

रजईचं वाचून मी इतका हसलो की द्वारका स्वयंपाकघरातून बाहेर आली. काँक्रीटला रजई. उद्या दुलईत घालून अंगाई म्हणतील. मी एकतीस वर्षांत बिबवेवाडीपासून धायरीपर्यंत किती स्लॅब टाकले ते मला मोजता येत नाहीत, पण त्यातल्या एकालाही मी पांघरूण घातलं नाही. पाणी घातलं. मे महिन्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ. स्लॅबवर वाळू-सिमेंटची आळी करायची आणि त्यात पाणी तुंबवून ठेवायचं. माझ्या आळ्यांत चिमण्या आंघोळीला यायच्या.

तुझ्या साहेबाला रजई घालू दे, त्याचा मान ठेव. पण तू पाणी मार. काँक्रीट वाळायला लागलं की त्याच्या अंगावर केसासारख्या रेघा दिसतात. त्या दिसल्या की कोणालाही विचारत बसू नकोस. पाणी मारल्यानं काँक्रीट कधी बिघडत नाही, हे माझ्याकडून लिहून घे. न मारल्यानं बिघडतं.

संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर तुझं पत्र वाचून दाखवलं. चौसष्ट मुलांतलं वाक्य दोनदा वाचलं. पेंडसे मास्तर म्हणाले, "अहो इंगोले, अक्षर छान आहे हो. हल्लीच्या मुलींत दिसत नाही." मास्तर चाळीस वर्षं शिकवत होते, त्यांच्याकडून एवढं मिळालं म्हणजे बोर्डात आल्यासारखंच आहे.

ठेच्याची मोठी बाटली पार्सल केली आहे. द्वारकेनं केली. "साहेबासाठी नोहे, तिच्यासाठी हाय," असं सांगायला सांगितलंय.

तुझा
मामाजी


साइट कॅम्प, लाहौल
२८ ऑक्टोबर २०२४, संध्याकाळ

ती. मामाजींना,
नमस्कार.

ओतला. काल सकाळी नऊला सुरू केलं, दुपारी अडीचला संपलं. प्रत्येक गाडीतल्या काँक्रीटचं तापमान मी स्वतः मोजलं, तपासणीसाठी त्याच काँक्रीटचे बारा ठोकळे भरले, एकदाही काम थांबलं नाही. रणजित सर शेवटी म्हणाले, "मॅडम, पुण्याची माणसं घड्याळ बघून काम करतात असं ऐकलं होतं, पण घड्याळ विसरूनही करतात की." मी आयुष्यात इतकी दमले नव्हते आणि इतकी खूशही नव्हते.

तुमचं पत्र परवाच आलं होतं, ओतायच्या आदल्या दिवशी. ते जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवूनच उभी होते.

आज सर मनालीला मीटिंगला गेले. दुपारी इथे ऊन फार कडक असतं, कातडी सोलून निघते, आणि वारा कोरडा. मी रजया बाजूला करून पाहिलं तर खरंच रेघा. अगदी तुम्ही लिहिल्यासारख्या, केसासारख्या. मग मी कोणाला विचारत बसले नाही. चार वाजता रजयांऐवजी गोणपाटं भिजवून घातली आणि वरून पाणी मारलं. पाईप मी स्वतः धरला होता. वाटलं, धायरीतल्या स्लॅबवरच उभी आहे आणि मागे तुम्ही उभे आहात.

माझ्या पहिल्या खांबाला तुमच्या हातचं पाणी लागलं, असं मी समजते.

आपली
अपेक्षा


धायरी
६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अपेक्षास,
खूप खूप आशीर्वाद.

पत्र काल आलं. दिवाळी तुझ्याविना गेली होती, ती काल परत आली असं म्हण. मी ते पत्र आधी एकटा वाचलं, मग द्वारकेला वाचून दाखवलं, मग योगेश आल्यावर त्याला. योगेश म्हणाला, "बाबा, मला तिनं यातलं काहीच सांगितलं नाही." मी म्हटलं, तुला सिमेंटमधलं काय कळतं, तू कॉम्प्युटरवाला.

कट्ट्यावर मात्र मी पूर्ण कार्यक्रम केला. उभा राहून वाचलं. "तुमच्या हातचं पाणी" इथे आलो तेव्हा कागद मास्तरांच्या हातात दिला, उरलेलं त्यांनी वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "इंगोले, पूल नक्की कोण बांधतंय, सूनबाई की तुम्ही?" मी म्हटलं, दोघं. खोटं कशाला बोलू.

पोरी, मी आयुष्यभर दुसऱ्याच्या घरांना पाणी मारलं. त्या घरांत राहणाऱ्यांना माझं नाव माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही. पण चाळीस घरांच्या एका गावाला नदी ओलांडता यावी म्हणून माझी सून हातात पाईप धरून उभी राहते, हे मला जिवंतपणी बघायला मिळालं.

आणि एक बातमी. द्वारका भिशीला गेली होती. तिथे कोणीतरी नेहमीचं विचारलं, सून कुठं असते. तर ही म्हणाली, "माही सून पूल बांधते." शेजारच्या सोनालीनं मला येऊन सांगितलं. मी द्वारकेला काही बोललो नाही, नाहीतर शब्द परत घ्यायची.

तुझा
मामाजी


साइट कॅम्प, लाहौल
१५ नोव्हेंबर २०२४

ती. मामाजींना,
नमस्कार.

पत्र मिळालं. माझी तब्येत चांगली आहे, काळजी नसावी. सात दिवसांचे ठोकळे तपासले, पास झाले. थंडी वाढली आहे. काम दुपारचेच तीन-चार तास चालतं.

आईंचा ठेचा पोचला. त्यांनी भिशीत जे सांगितलं ते मी पुन्हा पुन्हा वाचलं.

मामाजी, एक विनंती आहे. माझी पत्रं कट्ट्यावर वाचू नका. तसं खास कारण नाही. काळजी नसावी.

आपली
अपेक्षा


धायरी
१ डिसेंबर २०२४

चि. सौ. अपेक्षास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आठ दिवसांपूर्वी आलं. मी उत्तर लगेच लिहिलं नाही कारण एक काम करायचं होतं. ते काल झालं.

तू पत्रात दोनदा लिहिलंस काळजी नसावी. आणि पाण्याबद्दल एक शब्द नाही. ज्या बाईनं पाईप धरला म्हणून मागच्या वेळी पानभर लिहिलं, ती दुसऱ्या पत्रात पाण्याचं नावही काढत नाही, म्हणजे पाण्याचंच काहीतरी झालंय. मी योगेशला विचारलं, तिकडे थंडी म्हणजे किती. त्यानं मोबाइल दाखवला. २८ ऑक्टोबरच्या रात्री उणे सहा. अपेक्षा, मला थंडी म्हणजे आपला जानेवारी वाटत होता. सकाळी मफलर, नऊला काढायचा. उणे हा आकडा माझ्या डोक्यातच नव्हता.

मग मी श्रीखंडाचे दोन रिकामे डबे घेतले. दोघांत सारखंच सिमेंट, वाळू, खडी, पाणी कालवून भरलं. दुसऱ्या दिवशी दोन्हीवर ओलं फडकं टाकलं. एक डबा गच्चीत ठेवला, आणि एक फ्रीजच्या वरच्या खणात, मटारच्या पिशव्यांमध्ये. द्वारकेनं दुपारी तो उघडला. "म्हातारपणी फ्रीजमंदी सिमिट ठेवते हा माणूस," म्हणून तिनं योगेशला ऑफिसात फोन केला. मी डबा काढू दिला नाही.

काल दोन्ही बाहेर काढले. गच्चीतल्यावर खिळा ओढला, नुसती रेघ आली. फ्रीजमधल्यावर ओढला, तर पाणी आतच गोठून वरचा थर पिठासारखा सुटला. बोटानं उकरता आला. 

रजईला मी हसलो होतो. तुझा साहेब बरोबर होता आणि मी, एकतीस वर्षांचा मुकादम, चूक. पाणी मारल्यानं कधी बिघडत नाही हे मी तुला लिहून दिलं. तो कागद तुझ्याकडे आहे. त्या दिवशी पाईप तुझ्या हातात होता, पण पाणी मी मारलं.

सोबत दुसरं पाकीट आहे. ते तुझ्या रणजित सरांना दे. मी मराठीत लिहिलंय, शौनककडून हिंदी करून घेतलंय, तो मास्तरांचा नातू. त्यात लिहिलंय की पाणी मारायचा सल्ला मी दिला, जबाबदारी माझी, खाली माझी सही आहे. त्याचा उपयोग होईल न होईल, पण दे. तुझी नोकरी माझ्या अडाणीपणापायी जायला नको.

तुझा
मामाजी


साइट कॅम्प, लाहौल
१० डिसेंबर २०२४

ती. मामाजींना,
अपेक्षाचा नमस्कार.

तुमचं पत्र काल मिळालं. दुसरं पाकीट मी सरांना दिलेलं नाही आणि देणार नाही. का ते सांगते. सगळं पहिल्यापासून सांगते, आता लपवायचं काही उरलं नाही.

२९ ऑक्टोबरच्या सकाळी सात वाजता मी खांबावर चढले. गोणपाटं लाकडासारखी ताठ झाली होती. एक ओढलं तर काँक्रीटची पापुद्र्यासारखी खपली त्याच्याबरोबर निघाली. खाली राखाडी चुरा.  आदल्या संध्याकाळी आमचा झारखंडचा मिस्त्री महिपती मला म्हणाला होता, "मॅडम, रात को जमेगा, बरफ हो जाएगा." मी त्याला म्हटलं होतं, मी सांगते तसं कर. हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. पुस्तकातही ते सगळं होतं, मी परीक्षेत त्यावर मार्क मिळवलेत. पण ऊन पाहिलं, रेघा पाहिल्या, आणि मी लाहौलमध्ये नव्हतेच, मी पुण्यात होते. त्यामुळे सल्ला तुमचा असला तरी चूक माझी आहे. तुम्हाला उणे सहा माहीत नव्हतं, मला होतं.

सर मनालीहून आले, त्यांनी पाहिलं. ते वाईट नाहीत, फक्त थकलेले आहेत. म्हणाले, वरचा चुरा झाडून टाका, सिमेंटचा हात फिरवा, सीझन संपत आलाय. मी तसं केलं. आणि रजिस्टरमध्ये "योग्य काळजी घेतली" अशी सही केली. मामाजी, या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज त्या सहीची वाटते.

पुढचं तर आणखी अवघड होतं. ठोकळे पास झाले. आमच्या प्रयोगशाळेतल्या टाकीचं पाणी गरम असतं, ठोकळे त्यात आरामात होते. थंडीत होता तो खांब. कागदावर खांब एकदम उत्तम, आणि तो उत्तम नाही हे फक्त मला, सरांना आणि महिपतीला माहीत. पलीकडच्या गावातली एक म्हातारी रोज पाळण्यातून येते, खांबाकडे बोट दाखवते आणि मला विचारते, "हो गया?" मी महिनाभर तिला मान डोलावून हो म्हणत होते.

२५ नोव्हेंबरला ठोकळ्यांच्या अठ्ठावीस दिवसांच्या रिपोर्टवर सही करायची वेळ आली. मी केली नाही. सरांना म्हटलं, खांबाला भोक पाडून आतला नमुना काढू आणि तो तपासू. ते म्हणाले, "ठोकळे पास आहेत, मॅडम. तुम्ही अजून कायम झालेल्या नाही आहात, हे लक्षात आहे ना?" मी म्हटलं, आहे. मग मी ते लेखी दिलं. पाणी कोणी मारलं, कधी मारलं, मिस्त्रीनं सांगितलेलं ऐकलं नाही, रजिस्टरमधली सही खोटी, सगळं. एका पानात बसलं.

नमुने काढले. हव्या त्या ताकदीच्या निम्म्याहून थोडे वर. वरचा अख्खा टप्पा पाडायचं ठरलं. गेले आठ दिवस ब्रेकर चालू आहेत. पाडताना मी समोर उभी असते, कोणी सांगितलेलं नाही. टप्पा आता मेमध्ये पुन्हा ओतायचा. त्या गावाला अजून एक हिवाळा पाळण्यातून जावं लागणार. हे सांगायला मीच पलीकडे गेले, पहिल्यांदा त्या पाळण्यात बसून. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, पाळणा घट्ट धरून जा.

परवा कंपनीच्या चंदीगडच्या ऑफिसचं पत्र आलं. नोकरी राहिली. कायम होणं एक वर्ष पुढे गेलं. आणि मेमधला टप्पा मीच ओतायचा, असं रणजित सरांनी कळवलंय. त्यांनी त्यांच्या नावानंही एक पान दिलं, हात फिरवायला आपणच सांगितलं म्हणून. मी मागितलं नव्हतं.

तुमचं पाकीट मी ठेवून घेते. मला कोणी इतकं मोठं काही दिलेलं नाही.

नातेवाइकांना तुम्ही सहा महिने सांगितले होते. आता दीड वर्ष सांगावं लागेल. तुमचा शब्द मी मोडला. कट्ट्यावर माझ्यामुळे तुम्हाला मान खाली घालावी लागेल, याचं मला खांबापेक्षा जास्त वाईट वाटतं. हे पत्र तरी वाचू नका.

आपली
अपेक्षा


धायरी
२२ डिसेंबर २०२४

चि. सौ. अपेक्षास,
मामाजींचे आशीर्वाद.

वाचलं. कट्ट्यावरच वाचलं, अख्खं, महिपतीच्या वाक्यासकट आणि त्या खोट्या सहीसकट. तुझं न ऐकल्याबद्दल माफ कर, पण मी ज्या कट्ट्यावर पाण्याच्या गप्पा मारल्या त्याच कट्ट्यावर हे सांगायला हवं होतं. श्रीखंडाचा डबाही नेला होता. सगळ्यांनी खिळा ओढून पाहिला. मग मास्तरांनी विचारलं, "म्हणजे सूनबाईंनी पूल बांधला की पाडला?" मी म्हटलं, पाडला, स्वतःच्या सहीनं पाडला, तुमच्या ओळखीत आहे का दुसरं कोणी? मास्तरांनी खिळा खाली ठेवला. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मास्तरकी केली, चुकीचे दिलेले मार्क मी एकदाही परत घेतले नाहीत." आणि उठून घरी गेले. 

मान खाली घालायचं म्हणतेस. पोरी, मी त्या दिवशी कट्ट्यावरून घरी आलो तो जिन्यात कुठेही न थांबता वर आलो. द्वारकेला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "नोकरी हाय ना?" आहे म्हटलं. "मंग दीड वर्स तर दीड वर्स. खोटं बांधण्यापरीस बरं." आणि ठेच्यासाठी मिरच्या निवडायला बसली.

आता माझं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, द्वारकेलाही नाही. तू विचारात पडली असशील की हा माणूस पाण्यासाठी इतका हट्टी का. १९९८ च्या मे महिन्यात बिबवेवाडीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकला. मी नवीनच मुकादम झालो होतो. चार दिवस टँकर आला नाही. मेचं ऊन, आणि स्लॅबवर पाण्याचा थेंब नाही. भेगा मी डोळ्यांनी पाहिल्या. ठेकेदार म्हणाला, वरून सिमेंटचा हात मारा आणि वहीत पाणी मारलं असं लिहा. मी लिहिलं. सही केली. मुकादमकी नवी होती, योगेश वर्षाचा होता. त्यानंतर मी एकाही स्लॅबचं पाणी चुकवलं नाही, पण ती सही तशीच राहिली. त्या रस्त्यानं जाताना मी मान वर करून बघायचं टाळायचो.

तुझ्या पत्रात हात फिरवल्याचं आणि सहीचं वाचलं आणि मी थांबलो. कागदावर तू होतीस की मी, तेच कळेना. फरक एवढाच की तू एका महिन्यात बोललीस.

काल मी बसनं बिबवेवाडीला गेलो. इमारत उभी आहे, लोक राहतात, खाली इस्त्रीचं दुकान आहे. सोसायटीचे सेक्रेटरी घरीच होते, गरम डोक्याचे वाटले. मी त्यांच्या हातात कागद दिला. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबला चार दिवस पाणी मिळालं नव्हतं, वहीतली सही माझी आणि खोटी, चांगल्या इंजिनियरकडून तपासून घ्या, खाली नाव, पत्ता, तारीख. त्यांनी तो दोनदा वाचला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दोन पावसाळे छतातून ओल येते म्हणून तक्रार करतायत, असं ते म्हणाले. सोमवारी माणूस बोलावतो म्हणाले.

मग त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "अहो आजोबा, सव्वीस वर्षं झाली. इतके दिवस गप्प का होतात?"

मी म्हटलं, "तेव्हा घरात सून नव्हती."

तुझा
बापूराव इंगोले